रूट कॅनलआधीचे ‘सात उपाय’ कृपया करू नका

‘रूट कॅनलला जाताय? घाबरू नका, आधी हे सात मुद्दे वाचा’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. असल्या मेसेजकडे मी एरवी लक्ष देत नाही. पण परवा तो मावशीपर्यंत पोहोचला. तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल ठरलंय, तिला मधुमेह आहे, आणि तिनं मला फोन करून विचारलं, ‘अगं, तुझ्या काकांच्या डब्यात झोपेच्या गोळ्या आहेत, त्यातली एक घेऊन गेले तर चालेल ना? साखरेची गोळी घेईन नेहमीसारखी, पण पोटात काही नको असं लिहिलंय त्यात.’ मग मात्र मी तो मेसेज शब्दन् शब्द वाचला आणि डोकं फिरलं.

सात मुद्दे थोडक्यात असे. एक, रूट कॅनल हा सगळ्यांत वेदनादायक उपचार आहे आणि नसेवर इंजेक्शन चालत नाही. दोन, उपाशीपोटी जा. तीन, आदल्या रात्री एक आणि निघताना एक झोपेची गोळी घ्या. चार, भीती वाटते असं डेंटिस्टला सांगू नका, ते घाई करतात. पाच, वरच्या दातांच्या नसा डोळ्यांना जोडलेल्या असतात, नजर अधू होते. सहा, पाच दिवस अँटिबायोटिक घ्या, ठणका थांबला तर दात बरा झाला, अपॉइंटमेंट रद्द करा. सात, कॅन्सर झालेल्या ९७ टक्के लोकांचं रूट कॅनल झालेलं असतं.

आधी घाबरवायचं आणि मग घाबरलेल्या माणसाला चुकीचे उपाय द्यायचे, असा हा सगळा मामला आहे. मी क्रमानं जाणार नाही. दुसरा आणि तिसरा मुद्दा आधी घेते, कारण त्यांनी माणसाला खरोखर इजा होऊ शकते.

उपाशीपोटी जाण्याचा सल्ला कुठून आला ते कळतं. पूर्ण भूल द्यायची असेल किंवा गाढ गुंगी आणायची असेल, तर काही तास खायचं-प्यायचं नसतं. एवढा भाग खरा. पण त्या वेळी डॉक्टर स्वतः तसं आधी सांगतात, वेळ ठरवून देतात. नेहमीच्या रूट कॅनलमध्ये फक्त तेवढी जागा बधिर करतात, माणूस पूर्ण जागा असतो. इथे उपाशी राहून काहीही साधत नाही, उलट बिघडतं. इंजेक्शनच्या धास्तीनं काही जणांची नाडी आणि रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पोट रिकामं असेल तर त्यात भरच पडते. आणि मधुमेह असलेल्या माणसानं साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता जाणं म्हणजे रक्तातली साखर खाली आणण्याची पक्की तजवीज. साखर उतरली की काय होतं? हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. भीतीनंही नेमकं हेच होतं. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाला वाटणार आपण घाबरलोय, शेजारच्यालाही तेच वाटणार, आणि साखर मात्र उतरत राहणार. हे लिहिणाऱ्यानं मधुमेही माणसांचा क्षणभर तरी विचार केला होता का?

जेवून जाण्याचं एक अगदी साधं कारणही आहे. खालच्या दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शननं ओठ, गाल आणि जिभेची ती बाजू उपचारानंतरही दोन-तीन तास बधिर राहते. त्या अवस्थेत खायला घेतलं तर आपलाच गाल चावला जातो आणि कळतही नाही. म्हणून नेहमीच्या वेळी, नेहमीसारखं खाऊन जायचं. रक्तदाबाच्या, साखरेच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. कोणत्या चालू आहेत ते डेंटिस्टला आधी सांगायचं.

आता झोपेची गोळी. काही रुग्णांना डेंटिस्ट भीतीसाठी सौम्य गोळी देतात, हे मला मान्य करावं लागेल. पण ती देताना वय, इतर आजार, चालू औषधं विचारतात, घोरण्याचा किंवा श्वासाचा त्रास आहे का ते बघतात, सोबत माणूस आणायला लावतात आणि त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत. दुसऱ्याच्या डब्यातली, दुसऱ्याच्या आजारासाठी लिहून दिलेली गोळी रात्री एक आणि सकाळी एक, यात यातलं काहीच नाही. उतारवयात अशा गोळ्यांचा अंमल जास्त होतो आणि जास्त वेळ टिकतो. तोल जातो, जिन्यात पडायला होतं. सोबत दारू किंवा तीव्र वेदनाशामक असेल तर श्वास मंदावतो. काही जण या गोळ्यांनी शांत होण्याऐवजी अस्वस्थ होतात. शिवाय खुर्चीतल्या माणसाला ‘दुखतंय, थांबा’ हे सांगता आलं पाहिजे. अर्धवट गुंगीत तेच जमत नाही.

मग चौथा मुद्दा. भीती लपवा, असं सांगणारा. मला याचा राग सगळ्यांत जास्त आला, कारण भीतीवरचा जो एकमेव उपाय प्रत्येकाच्या हातात आहे, तोच हा मेसेज काढून घेतो. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: मला भीती वाटते. कशाची, तेही सांगा. सुईची, आवाजाची, तोंडात पाणी साठून गुदमरण्याची की आधी कधी आलेल्या वाईट अनुभवाची? प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा असतो. सुईची भीती असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारं जेल लावता येतं आणि औषध सावकाश सोडता येतं. गुदमरण्याची असेल तर रबर डॅमबद्दल आधी विचारा. ते दाताभोवती बसवायचं पातळ रबर असतं, फक्त तो दात बाहेर राहतो. पहिल्यांदा ते बसवताना कोंडल्यासारखं वाटतं खरं, पण पाणी आणि औषध घशात न जाण्यासाठीच ते असतं, आणि नाकानं श्वास घ्यायला काहीच अडचण नसते. मध्येच एखादं यंत्र बीप-बीप वाजू लागलं तर दचकू नका. मुळाचं टोक किती लांब आहे ते मोजणारं ते उपकरण असतं.

आणि डावा हात वर केला की काम थांबवायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. एकदा उगाचच हात वर करून बघा. समोरचा खरंच थांबतो हे कळलं की अंगातला अर्धा ताण उतरतो. जो डेंटिस्ट असं काही ठरवायला तयार नसेल, तिथून उठून दुसरीकडे जायचा हक्क तुम्हाला आहे.

दीर्घ श्वास घ्या असं सगळेच सांगतात. छाती धडधडणाऱ्यांना, हातपाय आखडणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा सावकाश. पण सुई पाहून ज्यांना घेरी येते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा रक्तदाब उतरत असतो, त्यांनी आणखी सैल पडून काय होणार? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऑस्ट यांनी १९८० च्या दशकात अशा लोकांसाठी उलटी पद्धत विकसित केली. मांड्या, पोट, दंड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, अर्ध्या मिनिटानं पुन्हा. घरी काही दिवस सराव केला तर खुर्चीत आपोआप जमतं.

पहिला मुद्दा वेदनेचा. इथे एकच संदर्भ देते, पण तो भक्कम आहे. रूट कॅनलच्या आधी आणि नंतर नेमकं किती दुखतं यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ एन्डोडॉन्टिक्स’मध्ये आला. उपचाराआधी ८१ टक्के रुग्णांना वेदना होती. उपचारानंतर एका दिवसानं हे प्रमाण ४० टक्क्यांवर आलं, आठवड्यानं ११ टक्क्यांवर. वेदनेची तीव्रता शंभरपैकी मोजली तर आधी ५४, दुसऱ्या दिवशी २४, आठवड्यानं ५. म्हणजे लोक दुखणं घेऊन तिथे जातात आणि ते उतरवून येतात. रात्र रात्र जागवणारा ठणका दातातल्या सुजलेल्या मज्जेचा, म्हणजे ज्याला आपण ‘नस’ म्हणतो त्या दाताच्या आतल्या मऊ गाभ्याचा असतो, आणि रूट कॅनलमध्ये तीच काढून टाकतात.

‘नसेवर इंजेक्शन चालत नाही’ यात मात्र एक कण सत्याचा आहे. खालच्या दाढेची मज्जा फार सुजलेली असेल तर नेहमीचं एक इंजेक्शन कधीकधी पुरं पडत नाही. ओठ जड होतो, पण दात जागाच असतो. हे डेंटिस्टना चांगलं माहीत असतं आणि त्यावर उपाय आहेत: दाताच्या बाजूनं आणखी औषध, वेगळं औषध, प्रसंगी थेट मज्जेत. काम सुरू करण्याआधी थंड लावून दात बधिर झालाय का तपासता येतं. ते तपासायला सांगा. इंजेक्शननंतर काही क्षण छाती जोरात धडधडली तर बऱ्याचदा ते औषधात मिसळलेल्या अ‍ॅड्रिनलिननं होतं, आणि काही मिनिटांत थांबतं. होत असेल तेव्हा तसं सांगा मात्र जरूर.

डोळ्यांचा मुद्दा झटकन संपवते. दातांच्या संवेदना मेंदूच्या पाचव्या मज्जातंतूतून जातात, दृष्टी दुसऱ्या मज्जातंतूतून. वरची दाढ दुखताना डोळ्याखाली कळ येते, कारण पाचव्याच्या शाखा तिथेही असतात. नजरेशी त्याचा संबंध नाही.

कॅन्सरच्या ९७ टक्क्यांना काही आधार नाही. कल्पनेचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं रूट कॅनल केलेले दात उपटून सशांच्या कातडीखाली बसवले आणि ससे आजारी पडले, तर दोष दातांना दिला. पुढे काटेकोर प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. तोवर मात्र असंख्य लोकांचे वाचू शकणारे दात विनाकारण काढले गेले.

राहिला सहावा मुद्दा, अँटिबायोटिकचा. सुजलेल्या मज्जेचा ठणका अँटिबायोटिकनं कमी होत नाही. तो पाच दिवसांत थांबला तर बहुधा मज्जा मेलेली असते, आणि मेलेली मज्जा ठणकत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी काम करत राहतात, पू धरतो, काही महिन्यांनी गाल सुजतो. ताप आणि सूज असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण दातावरच्या उपचाराच्या जोडीला. आणि जबड्याखाली सूज पसरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं.

मावशी खाऊन जाणार आहे, आणि काकांच्या गोळ्या काकांच्याच डब्यात राहतील. तुम्ही हा मेसेज कुणाला पुढे पाठवला असेल आणि त्यांच्यात कुणी मधुमेही असेल, तर नवा मेसेज पाठवत बसू नका. आज फोन करा आणि उपाशी जाऊ नका, एवढं तरी सांगा.