आंब्याची पाने आणि कडधान्यांची उगवण

आंब्याच्या पानांच्या अर्कात मूग आणि चवळीची उगवण घटते, म्हणून आमराईत कडधान्ये घेऊ नयेत, हा एका लेखात काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आंब्याच्या पानांत मॅन्जिफेरीन, गॅलिक आम्ल यांसारखी फिनॉलिक संयुगे असतात आणि ती कोवळ्या मुळांची वाढ रोखू शकतात, याबद्दल दुमत नाही. परंतु काचेच्या बशीत, मातीविना, तीव्र अर्क घातला की त्यातील विद्राव्य पदार्थांच्या ताणानेही बियाण्याला पाणी शोषणे जड जाते, आणि हा परिणाम रासायनिक परिणामापासून वेगळा काढल्याशिवाय दोष केवळ फिनॉलवर ठेवता येत नाही. शेतात तर माती ही संयुगे धरून ठेवते, सूक्ष्मजीव ती कुजवतात आणि कोकणासारख्या पावसात बरीचशी वाहूनही जातात.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मुळांवरील गाठींचा प्रश्न, ज्याचा लेखात उल्लेखच नाही. कडधान्याची मुळे फ्लॅव्होनॉइडे ही संयुगे सोडून रायझोबियम जिवाणूंना, म्हणजे मुळांवर गाठी बनवून हवेतील नत्र रोपाला देणाऱ्या जिवाणूंना, संकेत देतात; बाहेरून आलेली फिनॉलिक संयुगे या संवादात ढवळाढवळ करू शकतात, आणि गाठी उगवणीनंतर धरत असल्याने उगवणीच्या चाचणीत ते दिसणारच नाही. झाडाखालची सावली आणि ओलाव्यासाठीची स्पर्धा वगळायची असेल, तर उघड्या वाफ्यांवर तेवढीच सावली देणारी जाळी बांधून, पाणी समान ठेवून, काही वाफ्यांत पानांचा थर व काहींत त्यासोबत फिनॉलिक संयुगे शोषून घेणारा सक्रिय कोळसा मिसळावा आणि फुलोऱ्याच्या वेळी रोपे उपटून गाठी मोजाव्यात.