कणसीमांची ऊर्जा आणि भट्टीतील वास्तव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील भट्ट्यांवर काम केलेल्या आपल्यासारख्या जाणकाराचा आक्षेप असा आहे, की संगणकात दोन स्फटिक नेमक्या कोनात जोडून सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधता येत असली, तरी खऱ्या सिरॅमिकमध्ये अशा सुबक कणसीमा, म्हणजे दोन स्फटिककण एकमेकांना भिडतात त्या सीमा, नसतातच, म्हणून आम्ही पवईत बसून केलेला हा खटाटोप कागदावरच राहतो. यातले निरीक्षण मला मान्य आहे. सिग्मा-५ सारख्या, म्हणजे दोन्ही स्फटिकांच्या जालकांचा (अणूंच्या नियमित जाळीचा) दर पाचांतला एक बिंदू जुळतो अशा सीमा सामान्य नमुन्यात अल्पसंख्यच असतात. निष्कर्ष मात्र पटत नाही.

ऑक्साइडमधील आयनांना विद्युतभार असतो. मॅग्नेशियम ऑक्साइडचे दोन स्फटिक नुसते एकमेकांना भिडवले, तर सीमेवर समभारी आयन समोरासमोर येऊन ऊर्जा भरमसाट वाढू शकते; म्हणून एक स्फटिक दुसऱ्यावर थोडाथोडा सरकवून, प्रसंगी काही अणू काढून, प्रत्येक मांडणी शिथिल होऊ द्यावी, म्हणजे अणूंना कमी ऊर्जेच्या जागी स्थिरावू द्यावे लागते. या शोधात एखादी मांडणी का टिकते हे कळते, आणि ते कारण सुबक सीमेपुरते मर्यादित नसते. अल्युमिनात (ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये) यिट्रियम घातल्यावर काय होते ते पाहा. त्याच्या आयनाची त्रिज्या सुमारे ०.९० अँगस्ट्रॉम, ॲल्युमिनियमची ०.५४, कणाच्या आत तो मावत नाही, सीमेवरच्या ऐसपैस जागी बसतो. अत्यल्प यिट्रियमने अल्युमिनाचे उच्च तापमानातील विसर्पण, अर्थात क्रीप (सततच्या भाराखाली हळूहळू आकार बदलणे), मंदावते, हे प्रयोगात दिसते ते अस्ताव्यस्त सीमांच्या साध्या बहुस्फटिकी नमुन्यांतच.

आपण ज्याचा उल्लेख केला नाही, ती अडचण मला अधिक गंभीर वाटते. सीमेवर ऑक्सिजन कमी-अधिक असेल, तर तिची ऊर्जा हा एकच ठरावीक आकडा राहत नाही. तो तापमानावर आणि सभोवतालच्या ऑक्सिजनच्या दाबावर अवलंबून असतो. हवेत भाजलेल्या नमुन्यात स्थिर असलेली रचना हायड्रोजनमध्ये अस्थिर ठरू शकते, आणि तारापूरला लागणाऱ्या युरेनियम डायऑक्साइडच्या इंधनगोळ्या तर हायड्रोजनयुक्त वातावरणातच भाजल्या जातात. शून्य केल्विनवरचे गणित याबाबत गप्प असते. त्यातच डीएफटीला, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा हिशेब धरणाऱ्या क्वांटम गणनापद्धतीला, काहीशे अणूच पेलतात. अस्ताव्यस्त सीमेला हजारो लागतात आणि मग बकिंगहॅमसारख्या साध्या विभवसूत्रांकडे (आयनांमधील अंतरावरून ऊर्जा काढणाऱ्या सूत्रांकडे) वळावे लागते, ज्यांत इलेक्ट्रॉनांचा स्पष्ट विचारच नसतो.

म्हणून विनंती अशी, की आपल्या नमुन्यांचे भाजण्याचे वातावरण, कमाल तापमान आणि थंड करण्याचा वेग कळवावा. त्या परिस्थितीत कोणती सीमारचना स्थिर ठरते, हे मी तपासून येथेच मांडीन.