फिनेलने पिसवा मरत नाहीत हो!

पावसाळा लागला की पुण्यात, पेठेतला वाडा असो की बाणेरचा फ्लॅट, तेच रडगाणं. "कुत्र्याला औषध लावलं, तरी पिसवा जात नाहीत. औषधच बोगस!"

औषध बोगस नाही हो. कुत्र्याला औषध लावलंत आणि घर तसंच सोडलंत! अंगावर फिरतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्यातले जेमतेम ५ टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष दिवाणाखाली, सोफ्याच्या खाचेत, त्याच्या लाडक्या गोधडीत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती चिकटून राहत नाहीत, कुत्रं जिथे लोळेल तिथे गळतात. कोषाला तर फवाराही लागत नाही. आतली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते आणि पावलांची हालचाल, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर. सुट्टीवरून परतल्यावर बंद फ्लॅटमध्ये घोट्यांना चावे का बसतात, कळलं? आणि फिनेलने फरशी पुसता! फरशीवर आहे कोण?

रोज व्हॅक्यूम करा, कोपऱ्यांतून आणि गाद्यांच्या शिवणींतून, आणि कचरा लगेच बांधून बाहेर टाका. अंथरुणं आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. घरातल्या सगळ्या प्राण्यांना, न खाजवणाऱ्यालाही, दर महिन्याला औषध, निदान ३ महिने. पहिल्या आठवड्यात पिसवा दिसल्या म्हणून बोंब मारू नका, त्या जुन्या कोषांतल्या असतात.

औषधाचे ड्रॉप्स तरी नीट घाला! आंघोळ घालून ओल्या केसांवर ओतायचे, मग म्हणायचं "वाहून गेलं". ड्रॉप्समध्ये फिप्रोनिल हे पिसवा मारणारं औषध असेल तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. मानेमागचे केस बाजूला सारून थेट कातडीवर. वजनाप्रमाणे पाकीट.

आणि कहर म्हणजे "कुत्र्याचेच अर्धे ड्रॉप्स मांजराला". कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. थरथर, झटके, जीवही जातो. शे-दोनशे वाचवायला?

"आमचं मांजर घराबाहेर जातच नाही" म्हणणाऱ्यांनी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर त्याच्या अंगावरचे काळे कण झाडून बघा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. पिसवा पार्किंगमधून तुमच्याच पँटला चिकटून वर आल्यात. अंग चाटताना पिसू पोटात गेली की चपटा जंत होतो, म्हणून जंताचं औषधही डॉक्टरांना विचारून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या काकूंना नाही!