मुदत संपल्यावर लागणारी नोटीस

आज पुन्हा तेच! कॉलेजच्या जिन्याखालच्या बोर्डावर 'कमवा आणि शिका'ची, म्हणजे शिकता शिकता कॉलेजातच काम करून पैसे मिळवायच्या योजनेची, नोटीस लागली आणि अर्जाची शेवटची तारीख कालच होऊन गेलेली. काचेला कुलूप, चावी शिपाईकाकांकडे, काका रजेवर; म्हणून कागद चार दिवस ऑफिसात पडून. माझ्या वर्गातली एक मुलगी खोली करून राहते. त्या कामातून तिचे मेसचे पैसे सुटले असते. नोटीस वाचून ती काही बोललीच नाही, नुसती ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. माझ्याच डोक्यात सणक गेली.

एनएसएसचंही, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचंही, तसंच. वर्षाला 120 तासांचं काम, शिवाय 7 दिवसांचं निवासी शिबिर. पण शिबिरासाठी नावं कधी घेतली, हे आम्हाला कळतं ते बॅगा घेऊन निघालेली मुलं दिसल्यावर. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी मुलांची निवडही ओळखीच्या चौघांना फोन करून उरकलेली. आणि वर आम्हीच ऐकून घ्यायचं, "तुम्ही मुलं कशात भागच घेत नाही."

अहो सर, आधी कळू तर द्या! निदान पंधरा दिवस आधी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो टाकायला असा कितीसा वेळ लागतो?