कांगा लीग: साहेबाने दिली नाही, पुढाऱ्यांनी पळवली नाही

पाऊस लागला की एक मजकूर मोबाइलवर हमखास येतो. कांगा लीग, म्हणजे मुंबईच्या मैदानांवर भर पावसाळ्यात चालणारी क्लबांची क्रिकेट स्पर्धा, इंग्रजांनी विरंगुळा म्हणून सुरू केली, तिनेच मुंबईला फलंदाज दिले, आणि पुढे राजकारण्यांनी क्लबांच्या हातून मुंबई क्रिकेट असोसिएशन हिसकावली. तिन्ही विधानं ऐकायला झकास आहेत.

पहिल्याचा त्रिफळा सालानेच उडतो. लीग सुरू झाली १९४८ मध्ये, साहेब बोटीत बसल्यावर. नाव जुन्या पिढीतले क्रिकेटपटू डॉ. होरमसजी कांगा यांचं, कल्पना कसोटी फलंदाज विजय मर्चंट यांची. इंग्लंडच्या ओल्या खेळपट्टीवर आपली भंबेरी उडते आणि इथे पाऊस फुकट पडतोय, तर त्यातच खेळा, असा तो हिशेब होता.

दुसऱ्यात अर्धं खरं आहे. पण कांगाची खेळपट्टी ज्यांनी पाहिली आहे ते 'फलंदाजांची शाळा' म्हणणार नाहीत. खेळपट्टी पावसात उघडी, एक चेंडू घोट्यापाशी सरपटतो, पुढचा हनुवटीशी. बाहेर गवत माजलेलं. देखणा ड्राइव्ह मारावा तर चेंडू दहा पावलांवर रुतून बसतो. मग पुस्तक मिटायचं आणि चेंडू उचलायचा. इथे तीस धावा काढणारा सोमवारी ऑफिसात शतकवीराच्या थाटात फिरतो, आणि ते रास्तच आहे. चंगळ असते ती गोलंदाजांची. मुंबईच्या फलंदाजाचं तंत्र घोटलं गेलं ते कोरड्या दिवसांत, गाइल्स आणि हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धांच्या लांबलचक डावांत. कांगाने दिला तो निबरपणा. १९८४ मध्ये अकरा वर्षांचा सचिन जॉन ब्राइट क्लबकडून कांगा खेळला, तो बापाच्या वयाच्या माणसांत. आणि आझाद मैदानावर तर शेजारच्या मॅचचा फिल्डर तुमच्या कव्हरला खेटून उभा! चेंडू कुठला आपला, एवढं कळायलाही नजर लागते.

आता तिसरं, आणि यावर मात्र माझा राग आहे. लीगमध्ये ए ते जी असे सात विभाग, बढती आणि घसरण मैदानावरच्या गुणांवर. ती चालवते मुंबई क्रिकेट असोसिएशन, आणि असोसिएशनच्या मतदारयादीत सर्वांत मोठा गठ्ठा याच मैदानी क्लबांचा. अध्यक्षपदासाठी नावाजलेले कसोटीपटू उभे राहिले आणि पडले: २००१ मध्ये शरद पवारांसमोर अजित वाडेकर हरले. २०११ मध्ये विलासराव देशमुखांसमोर दिलीप वेंगसरकर. २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीसांचे निकटवर्तीय अमोल काळे यांच्यासमोर संदीप पाटील. हिसकावलं कुणी? क्लबांच्या मतांशिवाय यातली एकही निवडणूक जिंकता आली नसती. मैदानावर क्लबच्या तंबूची जागा, पाण्याची जोडणी, कुठली तरी अडकलेली परवानगी: यासाठी मंत्रालयात ओळख असलेला माणूस बरा, हे गणित तंबूतल्या चहाबरोबर उघड मांडलं जातं.

वेंगसरकर दादर युनियन क्लबचे. रविवारी त्यांचा खेळ बघायला तंबूबाहेर छत्र्या धरून गर्दी करणारेही आपलेच क्लबवाले होते.