उजनी किती टक्के, एवढंच विचारा

सोलापुरात सुखानं राहायचं असेल तर उजनी धरणातल्या पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारा, "उजनी किती?" उत्तर टक्क्यांत येतं. उन्हाळा लांबला की उणे टक्क्यांतही येतं, आणि चहाच्या टपरीवर कुणी दचकत नाही. एकूण साठा ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातला उपयुक्त साडेत्रेपन्न, बाकीचा मृत. टक्के उपयुक्ताचे, तो संपून मृताला हात लागला की उणे. हा हिशेब इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. पण "उजनीत आहे तरी काय?" असं चुकूनही विचारू नका. लोक तुम्हाला पुण्याचे समजतील.

आणि आत जे आहे ते बरंचसं तिकडूनच आलेलं. मुळा-मुठेचं पाणी भीमेत, भीमेचं उजनीत, उजनीचं पाइपलाइननं आपल्या नळात. इतकं भरवशाचं कुरिअर दुसरं नाही. फक्त पार्सलवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं.

आता परदेशी लोकांचे उद्योग बघा, आणि त्यातून काहीही शिकू नका. ऱ्हाईन नदीकाठच्या देशांनी १९५० मध्ये एक आयोग काढला. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि कालचे वैरी नदीच्या प्रदूषणावर एका टेबलाशी बसले. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी विष घेऊन नदीत उतरलं आणि खाली लांबपर्यंत मासे मेले. तेव्हापासून इशाऱ्याची व्यवस्था आणखी कडक झाली. वर काही सांडलं की खालच्या देशांना निरोप जातो. आपली गोष्ट वेगळी. पुणं आणि सोलापूर एकाच राज्यात, भाषा एक, मामा तिकडे तर भाचा इकडे. निरोप कशाला हवा? नळ सोडला की वासानं कळतंच की!

याहून मोठा खटाटोप संयुक्त राष्ट्रांचा. जगभरच्या नद्या, तळी आणि भूजल यांच्या गुणवत्तेचे आकडे देशोदेशींकडून गोळा करायचं काम १९७० च्या दशकापासून चालू आहे. आकड्यांची कोठी जर्मनीत कोब्लेन्झला, शिकवणी आयर्लंडमध्ये कॉर्कच्या विद्यापीठात. नदीबद्दल मुख्यतः विचारतात तरी काय? विरघळलेला ऑक्सिजन, विद्युत वाहकता, सामू (म्हणजे पीएच, आम्ल-अल्काचं माप), नायट्रोजन, फॉस्फरस. एवढंच. तरी २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की तीन अब्जांहून जास्त लोकांच्या पाण्याची तब्येत कशी आहे तेच कुणाला ठाऊक नाही, कारण मोजमापच नाही. वाईट वाटून घेऊ नका, एवढी मोठी संगत कुठं मिळते?

भीमेचे नमुने आपल्याकडेही घेतले जातात, नाही असं नाही. आकडे सरकारी पीडीएफमध्ये असतात. ती उघडू नका. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचं माप, हे एकदा कळलं की मग टक्क्यांत मन रमत नाही.

तरीही जगाला डेटा द्यायची खुमखुमी असेल तर घरीच केंद्र काढा. वाहकता म्हणजे विरघळलेले क्षार, ते तूरडाळीला विचारा. सातव्या शिट्टीलाही दाणा टणक राहिला की वहीत लिहा. नायट्रोजन-फॉस्फरससाठी जलपर्णी बघून या. खत घातल्याशिवाय एवढं पीक येतं होय? ऑक्सिजनचं मासे सांगतील, पोट वर करून. सामूला सूट द्या, एवढं कोण बघतंय.

खरं यंत्र मात्र फडका. चार-पाच दिवसांनी रात्री दोनला पाणी येतं, तेव्हा नळाला जुन्या धोतराचा फडका बांधा. पहिली बादली संडासाला, दुसरी भांड्यांना, तिसरीत तुरटी फिरवा. सकाळी फडका उलटा करून वाळवा. झाली नोंद.

आमच्या शेजारच्या काकूंकडे असा एक आहे. मधोमध तपकिरी गोल, कडेला हिरवट झाक, एका कोपऱ्यात बारीक रेती. असला प्रामाणिक अहवाल मी आजवर पाहिला नाही. म्हटलं, "काकू, हा द्या, जर्मनीला पाठवतो."

काकूंनी तो झटकन दोरीवरून ओढला. "असा कसा पाठवतोस रे? थांब, धुऊन देते."