'सगळे पिंगबॅक मंजूर करा' हा सल्ला पाळू नका

तासगाव-सांगलीकडच्या बेदाणा आणि हळद व्यापाऱ्यांच्या, साताऱ्याकडच्या होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या 'वेबसाइट असणाऱ्यांसाठी महत्त्वाचे' असा एक मेसेज फिरतोय. विषय पिंगबॅक-ट्रॅकबॅकचा, म्हणजे 'आम्ही तुमच्या लेखाची लिंक दिली' अशी दुसऱ्या साइटकडून आपोआप येणारी सूचना; मंजूर केली की ती लेखाखाली कॉमेंटसारखी लागते. त्यात पाच मुद्दे आहेत. पिंगबॅक-ट्रॅकबॅक आले की सगळे मंजूर करा, गुगलमध्ये साइट वर जाते. कॅप्चा ('मी रोबॉट नाही' छापाची चाचणी) लावला की स्पॅम बंद. सेटिंगमधली एक टिक काढली की पिंगबॅक कायमचे बंद. पिंगबॅक ज्या फाइलमधून येतात ती एक्सएमएलआरपीसी नावाची फाइल डिलीट करा. आणि शेवटी, पिंगबॅक चालू असलेली साइट हॅक होते. पहिला मुद्दा 'येऊ द्या' म्हणतो आणि पाचवा 'आला की मेलात' म्हणतो, तरी लोक पुढे पाठवतच आहेत. माझ्या मावसभावाने पहिला मुद्दा इमानेइतबारे पाळला. बेदाण्याची प्रत कशी ओळखावी या त्याच्या चांगल्या लेखाखाली आता ऑनलाइन जुगाराच्या आणि झटपट कर्जाच्या लिंका लागल्या आहेत.

तेव्हा आधी मंजुरीचंच बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे. मुळात लिंकची दिशाच या मेसेजने उलटी धरली आहे. कोणी खरोखर तुमच्या लेखाची लिंक दिली असेल, तर ती त्याच्या पानावर आहे. गुगल ते पान वाचून ती मोजतो. तुम्ही मंजूर केलं काय आणि कचऱ्यात टाकलं काय, त्या मोजणीत काडीचा फरक पडत नाही. मंजूर केल्यावर होतं ते एवढंच: तुमच्या पानावरून त्याच्या साइटकडे एक लिंक तयार होते. फायदा झालाच तर त्याचा.

बरं, त्यालाही फारसा होत नाही. अशा लिंकांना 'नोफॉलो', म्हणजे 'ही लिंक क्रमवारीसाठी मोजू नका', ही खूण लावण्याची पद्धत जानेवारी 2005 मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून आणली आणि वर्डप्रेस, म्हणजे अशा बहुतेक साइट ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर, ती आपोआप लावतं. मग स्पॅमर येतात कशाला? कारण पाठवायला खर्च शून्य आहे आणि तुमच्या गिऱ्हाईकाने चुकून क्लिक केलं तरी त्यांना पुरतं. उलट गुगलच्या स्वतःच्या स्पॅम-धोरणात, बाहेरच्यांनी तुमच्या साइटवर आणून टाकलेला स्पॅम हा वेगळा प्रकार म्हणून नोंदवलेला आहे आणि तो साफ करणं साइटमालकाच्या गळ्यात आहे. वर जायच्या आशेने मंजूर करायचं आणि खाली जायची सोय करून ठेवायची, असा हा सल्ला आहे.

सूचना आली म्हणजे लिंक दिलीच असेल, हाही भ्रम. ट्रॅकबॅक सिक्स अपार्ट कंपनीने 2002 मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉग-सॉफ्टवेअरसाठी काढला. पाठवणारा चार गोष्टी पाठवतो: पत्ता, शीर्षक, उतारा आणि साइटचं नाव. त्यातला पत्ता तेवढा सक्तीचा. त्या पत्त्यावर तुमची लिंक खरंच आहे का, हे तपासण्याची सोय त्या पद्धतीत नाहीच. कोणीही काहीही लिहून पाठवावं आणि आपण दारावर चिकटवावं, असा मामला.

पिंगबॅकही 2002 चाच, पण त्यात अक्कल वापरली आहे. पाठवणारा फक्त दोन पत्ते देतो, त्याच्या पानाचा आणि तुमच्या पानाचा. मग तुमची साइट स्वतः त्याच्या पानावर जाते, लिंक शोधते, आणि सापडली नाही तर 17 क्रमांकाची चूक परत पाठवते. वर्डप्रेस ते पान पहिल्या 150 केबीपर्यंतच वाचतं, त्यामुळे अवजड पानाच्या तळाशी दिलेली खरी लिंकही कधीकधी नाकारली जाते. याच कामासाठी नंतर आलेलं वेबमेन्शन हे 12 जानेवारी 2017 पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत मानक आहे आणि त्यात तपासणी सक्तीची आहे, पण वर्डप्रेसमध्ये त्यासाठी वेगळं प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लागतं.

तपासणी असूनही पिंगबॅक फसतो. लिंक तपासणीपुरती ठेवायची आणि नंतर काढायची, हा एक प्रकार. दुसरा जास्त दिसतो: तुमचा अख्खा लेख उचलून दुसरीकडे छापतात. लेखात तुमच्याच दरपत्रकाची लिंक असते, ती तशीच जाते, आणि तुमच्या साइटला 'खरा' पिंगबॅक येतो. चोरीची पावती चोरानेच पाठवलेली, आणि आपण ती मंजूर करायची! त्यामुळे आलेलं प्रत्येक पान वेगळ्या खासगी खिडकीत उघडा, पानाचा सोर्स (मूळ कोड) काढा आणि त्यात आपल्या डोमेनचं नाव शोधा. नाव सापडलं नाही, किंवा सापडलं पण आजूबाजूचा मजकूर तुमचाच असला, तर सरळ स्पॅम. तुमच्याच एका लेखाकडून दुसऱ्या लेखाला आलेला पिंगबॅक दिसला तर घाबरू नका. तो पूर्ण पत्ता टाकून केलेल्या अंतर्गत लिंकमुळे येतो. डोमेन वगळून तिरप्या रेघेपासून पत्ता लिहिला की येत नाही.

कॅप्चाबद्दल एका ओळीत: या सूचना एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे जातात, फॉर्म मध्ये येतच नाही, मग कॅप्चा अडवणार कोणाला?

टिक काढायचा मुद्दा अर्धाच सांगितला आहे. सेटिंग्ज, डिस्कशन इथली दुसरी टिक काढली की ती फक्त पुढच्या लेखांना लागू होते आणि तसं तिथेच लिहिलेलं असतं. स्पॅम येतो तो जुन्या लेखांवर. त्यासाठी पोस्ट्सच्या यादीत स्क्रीन ऑप्शन्समधून एका पानावरची संख्या 20 ऐवजी 100 करा, सगळे निवडा, बल्क अ‍ॅक्शन्समध्ये एडिट, अप्लाय, मग पिंग्ज (म्हणजे पिंगबॅक-ट्रॅकबॅक) यासमोर 'डू नॉट अलाऊ' आणि अपडेट. एकदम पाचशे निवडू नका. पत्ता फार लांब होऊन सर्व्हर विनंती नाकारू शकतो.

फाइल डिलीट करण्याचा सल्ला देणाऱ्याने ती साइट पुढे सहा महिने सांभाळलेली दिसत नाही. वर्डप्रेसची पुढची मोठी अपडेट आली की फाइल परत हजर. शिवाय जेटपॅक हे बऱ्याच साइटवर असलेलं प्लगइन याच फाइलवर चालतं, ते तुटतं. काही जण त्याऐवजी 'एक्सएमएल-आरपीसी बंद करा' छापाचं प्लगइन टाकून निर्धास्त होतात. त्यातली काही प्लगइनं 'एक्सएमएलआरपीसी-एनेबल्ड' हा फिल्टर (वर्डप्रेसचं वागणं बदलणारी कोडमधली कळ) वापरतात, आणि वर्डप्रेसच्या डेव्हलपर संदर्भात स्पष्ट लिहिलं आहे की नावावरून वाटतं तसं हा फिल्टर सगळं बंद करत नाही, फक्त लॉगिन लागणारी कामं बंद करतो. पिंगबॅकला लॉगिन लागत नाही. म्हणजे प्लगइन चालू आणि पिंगबॅकही चालू. जेटपॅक वापरत असाल तर फक्त 'पिंगबॅक डॉट पिंग' ही पद्धत यादीतून काढणारं प्लगइन घ्या. वापरत नसाल तर होस्टिंगवाल्याला सांगून ती फाइल सर्व्हरवरच अडवा. अडवल्याची खात्री करायला तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका: फक्त पोस्ट रिक्वेस्ट स्वीकारतो अशी इंग्रजी ओळ आली तर दार उघडं आहे, 403 (प्रवेश नाकारला) आलं तर बंद. आणि एवढं करूनही ट्रॅकबॅक थांबत नाही, कारण त्याची फाइल वेगळी आहे, डब्ल्यूपी-ट्रॅकबॅक. तो वरच्या बल्क एडिटनेच थांबतो.

राहिला हॅकचा मुद्दा. नाइलाजाने मान्य करतो की यात थोडं तथ्य आहे. पिंगबॅकने तुमची साइट हॅक होत नाही, पण दुसऱ्याची साइट पाडायला ती वापरली जाते. हल्लेखोर 'या पानाने तुमची लिंक दिली' असं सांगून सावजाचा पत्ता देतो आणि तुमची साइट भाबडेपणाने तिकडे तपासायला जाते. मार्च 2014 मध्ये सुकुरी या सुरक्षा कंपनीने नोंदवलेल्या एका हल्ल्यात 1,62,000 हून अधिक वर्डप्रेस साइट अशा वापरल्या गेल्या होत्या. एक्सएमएलआरपीसी फाइलमधूनच एका विनंतीत शेकडो पासवर्ड आजमावण्याची युक्ती 2015 मध्ये समोर आली, ती वर्डप्रेस 4.4 ने बोथट केली. तेव्हा दरपत्रक आणि फोन नंबर एवढ्यासाठी साइट असलेल्याने पिंगबॅक बंदच ठेवावा. मेसेजचा हा निष्कर्ष बरोबर, कारण मात्र चूक.

ज्यांनी आधीच सगळं मंजूर केलंय त्यांनी आज एवढं करा. कॉमेंट्सच्या यादीत वरच्या फिल्टरमध्ये 'पिंग्ज' निवडा. वर सांगितल्याप्रमाणे तपासून खोटे निघतील ते निवडा आणि 'ट्रॅश' नव्हे, 'मार्क अ‍ॅज स्पॅम' करा, म्हणजे अकिस्मेट हे स्पॅम गाळणारं प्लगइन असेल तर ते त्यातून शिकतं. अकिस्मेट बिगरव्यावसायिक वैयक्तिक साइटलाच फुकट आहे, बेदाणे विकणाऱ्या साइटला पैसे भरावे लागतात. फुकट हवं तर 'अँटीस्पॅम बी' हे प्लगइन टाका. अकिस्मेट 15 दिवसांनी स्पॅमची पेटी आपोआप रिकामी करतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा ती चाळा. एखाद्या खऱ्या मराठी साइटने दिलेली दाद तिथे अडकलेली असू शकते.